अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या ऑफेन्स कोचेसचं काम कसं जोखायचं: आयोवाचं उदाहरण घेऊन, पायरी पायरीनं

३ सप्टेंबर २०२२. आयोवा सिटीतलं किनिक स्टेडियम, आयोवा युनिव्हर्सिटीच्या टीमची सीझनची पहिली मॅच, समोर साउथ डकोटा स्टेट, म्हणजे एक पायरी खालच्या डिव्हिजनमधली टीम. आयोवा ७-३ नं जिंकली. ७ बघून कुणालाही वाटेल की एक टचडाउन (बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की ६) आणि वरची एक किक (१), पण तसं नव्हतं, एक फील्ड गोल, म्हणजे किकनं बॉल खांबांमधून घातला, त्याचे ३ आणि दोन सेफ्टी म्हणजे २ अधिक २. सेफ्टी, म्हणजे समोरच्याला बॉलसकट त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात पाडणं, मिळवून देतो डिफेन्स, म्हणजे अडवणारी पोरं. ऑफेन्स म्हणजे बॉल घेऊन पुढे जाणारी. म्हणजे आख्ख्या मॅचमध्ये ऑफेन्सनं स्वतः केले फक्त ३ पॉइंट, आणि तरी बोर्डावर विजय लागला.

त्या दिवशी परत येताना गाडीत आम्ही सगळे एकाच माणसाच्या नावानं ओरडत होतो, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्सचा मुख्य कोच, ब्रायन फेरेंत्झ. मीही. घरी आल्यावर नवऱ्यानं शांतपणे विचारलं, "नक्की चुकलं काय त्याचं? प्ले, म्हणजे चाली, चुकीचे निवडले, पोरांना शिकवलं नाही, की मुळात हाताशी पोरंच नव्हती?" मला उत्तर देता येईना. या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी तिन्हींचा राग एकाच माणसावर काढत होते. माझा मोठा मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये लाइनमध्ये खेळतो, चुकला तरच त्याचा नंबर माइकवर ऐकू येतो, त्यामुळे कोच काय शिकवतो आणि त्यातलं बोर्डावर किती दिसतं यातलं अंतर मला घरातच बघायला मिळतं. तेव्हापासून मी वही घेऊन मॅच बघते. खाली लिहिलंय ते त्या वहीतलं. तुम्ही मिशिगनचे असा, टेक्ससचे असा नाहीतर मुलाच्या अ‍ॅडमिशनमुळे नुकतेच एखाद्या टीमचे झालेले असा, पद्धत हीच चालेल.

सगळ्यात आधी एक उलटं उदाहरण सांगते, कारण आकडा चुकीचा निवडला की काय होतं ते त्यातून कळतं. २०२२ मध्ये आयोवाचा ऑफेन्स एकूण यार्डांत १३१ टीममध्ये १३० वा होता, मॅचमागे १७.७ पॉइंट. २०२३ च्या सुरुवातीला युनिव्हर्सिटीनं कोऑर्डिनेटरच्या कराराची फेररचना केली, पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणला आणि दोन टार्गेट लिहून दिली: किमान ७ विजय, आणि मॅचमागे सरासरी २५ पॉइंट. या २५ मध्ये डिफेन्स आणि स्पेशल टीमनं (किकच्या वेळी उतरणाऱ्या पोरांनी) केलेले पॉइंटही धरणार होते! म्हणजे डिफेन्समधल्या आपल्या कॉर्नरबॅकनं बॉल पळवून टचडाउन केलं तर ऑफेन्स कोच पास होण्याच्या दिशेनं सरकला, आणि ऑफेन्सनं ८० यार्डांचा सुंदर ड्राइव्ह (बॉल ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतची खेळी) करून शेवटी किक हुकली तर तो जागेवरच राहिला. रेग्युलर सीझनच्या १२ आणि त्यानंतरची एक अशा १३ मॅच गुणिले २५ म्हणजे ३२५, हा आकडा त्या वर्षी आयोवातल्या पोरासोरांना पाठ होता. आणि हे आपल्याकडून होऊ द्यायचं नाहीये.

पायरी १: कुणाचं काम जोखताय ते लिहून काढा

ऑफेन्स कोच म्हणजे एक माणूस नव्हे. कोऑर्डिनेटर असतो, त्याच्याखाली क्वार्टरबॅक (पास फेकणारा), रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), रिसीव्हर (पास झेलणारा), टाइट एंड (झेलणारा आणि अडवणाराही) आणि ऑफेन्सिव्ह लाइन (पुढे उभे राहून समोरच्यांना अडवणारे पाच) यांचे वेगवेगळे कोच असतात, काही ठिकाणी पासिंग गेम किंवा रन गेमचा वेगळा कोऑर्डिनेटर असतो, आणि बऱ्याच ठिकाणी प्ले बोलवतो हेड कोच स्वतःच. टीमच्या वेबसाइटवर स्टाफचं पान असतं, ते उघडा आणि प्रत्येकाचं नाव, काम आणि तो कधी आला ते वर्ष लिहा. एक माणूस दोन खुर्च्यांवर बसलाय का तेही बघा. आयोवात २०२२ आणि २०२३ मध्ये कोऑर्डिनेटरच क्वार्टरबॅक कोचही होता. शिवाय तो हेड कोच कर्क फेरेंत्झ यांचा मुलगा, त्यामुळे नियमाप्रमाणे तो वडिलांना नाही तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला रिपोर्ट करायचा. पण टीम कशी खेळणार, म्हणजे जोखीम कमी, पंट करून, म्हणजे बॉल लांब लाथाडून, समोरच्याला मागे ढकलायचं आणि डिफेन्सवर विसंबायचं, हे धोरण कर्क यांचं, ते १९९९ पासून हेड कोच आहेत. १० यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, प्रत्येक संधी म्हणजे एक डाउन. मग चौथ्या डाउनला एक यार्ड बाकी असताना पंट केला तर ती रेघ कोऑर्डिनेटरच्या पानावर ओढायची नाही, ती हेड कोचच्या पानावर जाते. हे साधं वाटतं, पण निम्मे वाद इथेच मिटतात.

पायरी २: हाताशी काय होतं

क्रिकेटमध्ये आपण पिच बघितल्याशिवाय बॅटिंगला नावं ठेवत नाही, तसंच इथे. सीझन सुरू व्हायच्या आधीच, म्हणजे निकाल माहीत नसतानाच, एक पान करा. गेल्या वर्षीच्या अकरा स्टार्टरपैकी किती परत आले, लाइनच्या पाचांनी मिळून आधी किती मॅच सुरू केल्यात, क्वार्टरबॅक कितवं वर्ष खेळतोय, भरतीत या पोरांना किती स्टार (रेटिंग) होते, ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) कोण आलं आणि कोण गेलं. पोर्टल २०१८ मध्ये सुरू झालं आणि २०२१ पासून पहिली ट्रान्सफर एक वर्ष न बसता करता यायला लागली, त्यामुळे आता "पोरंच नव्हती" ही सबब पूर्वीइतकी चालत नाही, दरवर्षी बाजार उघडा असतो.

मग सीझनभर त्याच पानावर दुखापती लिहीत जा, तारखेसकट. आयोवाचं २०२३ चं माझं पान असं आहे: टाइट एंड लूक लाची १६ सप्टेंबरला गेला, क्वार्टरबॅक केड मॅकनमारा ३० सप्टेंबरला मिशिगन स्टेटविरुद्ध गुडघा गेल्यानं बाहेर, दुसरा टाइट एंड एरिक ऑल १४ ऑक्टोबरला. म्हणजे मुख्य क्वार्टरबॅक आणि ज्यांच्याकडे तो सगळ्यात जास्त बघतो ती दोन माणसं एका महिन्यात गेली. हे लिहिल्यावर माझा राग बराच खाली आला, खरं सांगते. पण लगेच दुसरा प्रश्नही उभा राहिला, दुसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकला तयार ठेवणं कुणाचं काम? त्यानं वर्षभरात निम्मेसुद्धा पास पूर्ण केले नाहीत. दुखापत कोचच्या हातात नसते, पण बाकावरच्याची तयारी असते, म्हणून मी दोन्ही गोष्टी लिहिते.

पायरी ३: बोर्डावरचे पॉइंट निवडून घ्या

तांदूळ निवडतो तसंच. मॅच झाली की ईएसपीएनवर किंवा युनिव्हर्सिटीच्या साइटवर प्रत्येक ड्राइव्हची यादी येते, तो ड्राइव्ह चार्ट समोर घ्या आणि हे खडे काढा. डिफेन्सचे आणि किक रिटर्नचे टचडाउन काढा, सेफ्टी काढा. हाफ संपताना नुसता गुडघा टेकवलेला ड्राइव्ह मोजू नका. मॅचचा निकाल लागून गेल्यावर बदली पोरांनी केलेलं काही मोजू नका, यासाठी तुम्ही स्वतः एक रेघ ठरवा आणि ती सीझनभर बदलू नका, माझी रेघ म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये २२ किंवा जास्त पॉइंटांचा फरक.

उरलेले पॉइंट भागिले उरलेले ड्राइव्ह. बस.

समजा दोन्ही टीमनी २४-२४ पॉइंट केले. पहिलीला १० ड्राइव्ह मिळाले आणि २४ पैकी ७ डिफेन्सचे, म्हणजे ऑफेन्सचे १७, ड्राइव्हमागे १.७. दुसरीला ९ ड्राइव्ह मिळाले आणि सगळे २४ ऑफेन्सचेच, ड्राइव्हमागे २.६७. बोर्डावर बरोबरी आणि प्रत्यक्षात जमीन-अस्मानाचा फरक. साधारण २ च्या आसपास म्हणजे मध्यम, ३ च्या वर म्हणजे फारच चांगलं, दीडच्या खाली राहिलं तर काळजी करावी असा माझा अंदाज असतो.

शेजारी अजून एक कॉलम करा, ड्राइव्ह सुरू कुठून झाला. किकऑफ टचबॅक झाला, म्हणजे समोरच्याची किक टोकाच्या पट्ट्यात जाऊन तिथेच थांबली, की आपल्या २५ यार्डांवरून सुरुवात होते, पण डिफेन्सनं बॉल हिसकावून समोरच्याच्या १५ वर आणून दिला आणि तिथून फील्ड गोल झाला तर ते ३ पॉइंट ऑफेन्सचं यश नाही, उलट अपयशच. आयोवाची तर हीच गंमत आहे, तिथला डिफेन्स आणि पंटर इतके भारी की ऑफेन्सला जागा चांगली मिळायची, आणि तरी पॉइंट नाहीत. म्हणजे नुसते पॉइंट बघितले तर आयोवाचा ऑफेन्स होता त्यापेक्षा थोडा चांगला दिसायचा, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आणि दोन वेगवेगळ्या वर्षांचे एकूण यार्ड किंवा एकूण पॉइंट थेट शेजारी ठेवू नका. २०२३ पासून नियम बदलला, फर्स्ट डाउन मिळाला, म्हणजे १० यार्ड पूर्ण झाले, की घड्याळ आता थांबत नाही, प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून, त्यामुळे मॅचमध्ये प्लेच कमी होतात. ड्राइव्हमागे आणि प्लेमागे मोजलं की हा घोळ होत नाही.

पायरी ४: एकेक प्ले वहीत

हे वेळखाऊ आहे पण खरी मजा इथेच. प्रत्येक प्लेला फक्त एक प्रश्न: काम झालं की नाही? कॉलेज फुटबॉलचा अभ्यास करणारे लोक एक साधा नियम वापरतात, पहिल्या डाउनला लागणाऱ्या यार्डांपैकी निम्मे मिळाले तर यश, दुसऱ्या डाउनला ७० टक्के, तिसऱ्या आणि चौथ्याला पूर्णच. मी बरोबर आणि फुली एवढंच करते. असा एक ड्राइव्ह बघा, उदाहरणापुरता:

पहिला डाउन, १० बाकी, पळून ६ मिळाले, बरोबर. दुसरा डाउन, ४ बाकी, पळून २, फुली, कारण ४ चे ७० टक्के म्हणजे जवळजवळ ३ हवे होते. तिसरा डाउन, २ बाकी, पासवर ३, बरोबर. परत पहिला, १० बाकी, पासवर ४, फुली. दुसरा, ६ बाकी, क्वार्टरबॅक पाडला, ७ मागे, फुली. तिसरा, १३ बाकी, छोटा पास आणि ९ यार्ड, फुली. पंट.

सहा प्ले, दोन बरोबर, म्हणजे ३३ टक्के. चांगल्या कोचचा ऑफेन्स ४५ च्या वर राहतो, ४० ते ४५ मध्यम. आता गंमत बघा, त्या शेवटच्या ९ यार्डांना स्टेडियममध्ये टाळ्या पडतात आणि बॉक्स स्कोअरमध्येही तो छान दिसतो, पण १३ बाकी असताना ९ चा काही उपयोग नाही. तो आधीच्या ६ यार्डांपेक्षाही मोठा दिसतो, कामाला मात्र येत नाही, आणि सरासरी यार्ड या आकड्यात हे सगळं एकजीव होऊन जातं.

अजून एक गोष्ट जी मला दोन वर्षं माहीत नव्हती. कॉलेजच्या अधिकृत आकडेवारीत क्वार्टरबॅक पाडला गेला की ते गेलेले यार्ड रशिंगमधून, म्हणजे पळण्यातून वजा करतात, एनएफएलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगमध्ये, पासिंगमधून करतात. वरच्याच ड्राइव्हमध्ये टीम दोनदा पळाली आणि ८ यार्ड मिळवले, पण कागदावर येणार तीन वेळा पळून १ यार्ड! मग लोक म्हणतात रन गेम संपला, रनिंग बॅक कोचला काढा. आधी सॅक, म्हणजे क्वार्टरबॅक पाडलेले प्ले, वेगळे काढून मग रनिंगचा आकडा बघत चला, दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यानं चित्र पार बदलतं.

मोठे प्लेही वेगळे मोजा. मी पळून १० च्या वर आणि पास २० च्या वर धरते. बरोबर-फुलीची टक्केवारी टीम किती सातत्यानं खेळते ते सांगते आणि मोठे प्ले धोका किती आहे ते. १४ ऑक्टोबर २०२३ ला आयोवानं विस्कॉन्सिनला त्यांच्याच घरी १५-६ नं हरवलं, त्यात एकच ८२ यार्डांची रन होती टचडाउनपर्यंत. सुंदर होती, आम्ही घरात उड्या मारल्या, पण ती रन बाजूला ठेवून त्या मॅचचं पान बघितलं तर फुल्याच फुल्या.

किनिकमध्ये पहिलं क्वार्टर संपलं की आख्खं स्टेडियम वळून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे हात हलवतं, वरच्या मजल्याच्या काचांमधून आजारी मुलं आणि त्यांचे आईवडील परत हात हलवतात, २०१७ पासून चालू आहे हे. मी त्या क्षणी वही मिटून बाकावर ठेवते, आणि मग दुसऱ्या क्वार्टरचं पान उघडते. चार पानांत एक मॅच बसते.

पायरी ५: समोर कोण होतं

समोरच्या डिफेन्सनं बाकी टीमना मॅचमागे किती दिले ते बघा आणि आपण किती केले ते त्याच्याशी ताडा. २० देणाऱ्यांवर २४ केले तर अधिक ४, ३५ देणाऱ्यांवर २८ केले तर उणे ७, जरी २८ ऐकायला मोठे वाटले तरी. वर्षाच्या शेवटी या अधिक-उण्यांची बेरीज घ्या. २०२३ ला आयोवा आपल्या बिग टेन लीगच्या फायनलमध्ये मिशिगनकडून २६-० नं हरली. मिशिगन त्या वर्षी मॅचमागे १०.४ च पॉइंट देत होती आणि पुढे राष्ट्रीय विजेती झाली, त्यामुळे त्या शून्याचं दुःख मी थोडं कमी धरते. एक महिन्यानंतर सिट्रस बोल या सीझननंतरच्या मॅचमध्ये टेनेसीनं ३५-० नं हरवलं, त्या शून्याला मात्र अशी सूट मी देत नाही.

पायरी ६: डोळ्यांनीच दिसणाऱ्या गोष्टी

आकडे सगळं सांगत नाहीत आणि काही गोष्टी तर फक्त बघूनच कळतात, त्यासाठी मॅच दुसऱ्यांदा बघावी लागते, निकाल माहीत असताना, बॉलकडे न बघता.

स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या, आधीच्या पेनल्टी मोजा. फॉल्स स्टार्ट (आधीच हलणं), डिले ऑफ गेम (प्ले वेळेत सुरू न करणं), चुकीची रचना, कमी-जास्त माणसं. होल्डिंग होऊ शकतं, समोरचा ताकदीचा असला की पोरगा शर्ट धरतोच, पण सीझनच्या आठव्या मॅचला, स्वतःच्या घरी, कुणी ओरडत नसताना डिले ऑफ गेम झाला तर तो सरळ कोचिंगचा भाग आहे. २०२४ पासून तर वरच्या डिव्हिजनमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज जातो, प्ले क्लॉकवर (प्ले सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळावर) १५ सेकंद उरेपर्यंत, त्यामुळे आता खुणा कळल्या नाहीत हे कारणही उरलं नाही. प्ले क्लॉकवर किती उरले असताना टीम रांगेत उभी राहते ते दहा प्लेपुरतं लिहून बघा. १२ सेकंद उरले असताना उभी राहणारी टीम आणि ४ उरले असताना धावत येणारी टीम यात क्वार्टरबॅकला समोरचं वाचायला मिळणारा वेळ किती वेगळा असतो!

मग बघा पहिले दोन ड्राइव्ह. बहुतेक कोऑर्डिनेटर सुरुवातीचे १५ एक प्ले आठवडाभर आधी लिहून आणतात, त्यामुळे ते ड्राइव्ह म्हणजे तयारीची परीक्षा, आणि नंतरचे ड्राइव्ह म्हणजे समोरचा बदलल्यावर सुचण्याची परीक्षा. माझ्या वहीत दोन्हींची टक्केवारी वेगळी असते. हाफटाइमनंतर काय बदललं हे लोक फार मोठ्यानं बोलतात पण तिथे जपून, हाफटाइमनंतर लगेच दोन-तीनच ड्राइव्ह असतात आणि त्यावरून एका मॅचपुरतं काहीच ठरत नाही, दहा मॅचचे मिळून बघा.

आणि टाइमआउट. दुसऱ्या हाफच्या पाचव्या मिनिटाला, घड्याळाची काही घाई नसताना, गोंधळ झाला म्हणून घेतलेल्या टाइमआउटपुढे मी लाल खूण करते. मॅच शेवटच्या मिनिटात अटीतटीची झाली की त्याची किंमत कळते.

प्ले अंदाज करण्यासारखे आहेत का तेही बघता येतं. स्नॅपच्या आधी मोठ्यानं "रन" किंवा "पास" बोला. माझा मुलगा आणि मी पैजेवर खेळतो हे, आणि २०२२ मध्ये टाइट एंड कुठे उभा आहे एवढं बघून तो दहापैकी आठ वेळा बरोबर यायचा. सोळा वर्षांच्या पोराला सोफ्यावरून कळतंय तर समोरच्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला कळत नसेल का?

पायरी ७: पोझिशन कोचेसना वेगवेगळं जोखा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच. इथे प्रश्न एकच, तोच पोरगा गेल्या वर्षीपेक्षा चांगला खेळतोय का? टीम नव्हे, पोरगा.

लाइन कोचसाठी पळण्याचे यार्ड सॅक वगळून बघा, तिसऱ्या डाउनला एक-दोन यार्ड हवे असताना किती वेळा मिळाले ते बघा, आणि सॅक झाला तर तो कुणामुळे ते परत परत बघून ठरवा, कारण क्वार्टरबॅकनं साडेचार सेकंद बॉल धरून ठेवला तर लाइनमधल्या बिचाऱ्या टॅकलनं काय करायचं. रनिंग बॅक कोचसाठी नुसतं पळणं नको, येणाऱ्या लाइनबॅकरला पोरगं अडवतं का आणि बॉल हातातून सुटतो का ते बघा. रिसीव्हरसाठी हातात येऊन सुटलेले पास आणि बॉल दुसऱ्याकडे असताना हे ब्लॉक करतात का. क्वार्टरबॅक कोचसाठी पाय. दबाव आला की पाय स्थिर राहतात का, पहिला माणूस मोकळा नसेल तर नजर दुसऱ्याकडे जाते का.

वर्षानुवर्षांची यादी ठेवली की आश्चर्य वाटेल असं सापडतं. ज्या ब्रायन फेरेंत्झला आम्ही गाडीत नावं ठेवत होतो, त्याच्याकडे २०१६ मध्ये आयोवाची लाइन होती आणि त्या लाइनला त्या वर्षी जो मूर अवॉर्ड मिळाला, देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा. २०१८ मध्ये टाइट एंड त्याच्याकडे होते आणि २०१९ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) टी. जे. हॉकेन्सन आणि नोआ फॅन्ट असे आयोवाचे दोन टाइट एंड पहिल्याच राउंडमध्ये गेले, ८ वा आणि २० वा. टायलर लिंडरबॉम डिफेन्सिव्ह लाइनमधला म्हणून आला होता, त्याला सेंटर (ऑफेन्सिव्ह लाइनच्या मधला) बनवलं आणि २०२१ मध्ये तो देशातला सर्वोत्तम सेंटर ठरला. म्हणजे या स्टाफला शिकवता येत नव्हतं असं म्हणताच येत नाही. लाइन आणि टाइट एंड शिकवणं जमत होतं, क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर घडवणं आणि सगळ्यांना मिळून चालणारी पासिंगची रचना उभी करणं जमत नव्हतं. ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि दोन्ही लिहावी लागतात.

उलट बाजूचं उदाहरण एलएसयूचं, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरोनं २०१८ मध्ये ५७.८ टक्के पास पूर्ण केले, १६ टचडाउन पास. २०१९ मध्ये ७६.३ टक्के आणि ६० टचडाउन पास. तोच पोरगा! टीम १५-० गेली. मध्ये काय झालं तर न्यू ऑर्लिन्स सेंट्स या एनएफएल टीमकडून जो ब्रेडी हा तरुण कोच पासिंग गेम कोऑर्डिनेटर म्हणून आला, आणि त्याला त्या वर्षी सर्वोत्तम असिस्टंट कोचचा ब्रॉयल्स अवॉर्डही मिळाला. पण कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर आधीही होता आणि नंतरही. शिवाय बरो २०१८ च्या उन्हाळ्यात ओहायो स्टेटमधून आला होता, पहिल्या वर्षी नवखा होता, दुसऱ्या वर्षी रुळला, रिसीव्हर जमार चेस आणि जस्टिन जेफरसन एक वर्षानं मोठे झाले, आणि त्या वर्षी एलएसयूच्या लाइनलाच जो मूर अवॉर्ड मिळाला. २०२० मध्ये ब्रेडी एनएफएलला गेला आणि एलएसयू ५-५ वर आली, मग लोक म्हणाले बघा, सगळं ब्रेडीचंच होतं. पण तेव्हा बरोही नव्हता, चेसही खेळला नाही, जेफरसनही गेला होता. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या तर श्रेय एकाला देता येत नाही. ब्रेडीनं मोठं काम केलं याबद्दल मला शंका नाही, फक्त किती मोठं ते त्या दोन वर्षांवरून ठरत नाही.

पायरी ८: भरती

यावर फार बोलत नाही कारण बाहेरून थोडंच दिसतं. प्रत्येक पोझिशन कोचनं आपल्या खोलीत, म्हणजे आपल्या पोझिशनच्या गटात, दरवर्षी कोण आणलं, त्यातले किती दोन वर्षांनी अजून टीममध्ये आहेत आणि किती पोर्टलमधून निघून गेले, एवढे तीन आकडे ठेवा. एखाद्या खोलीतून दरवर्षी चांगली पोरं उठून जात असतील तर तिथे काहीतरी दुखतंय हे नक्की.

पायरी ९: किती थांबायचं

रेग्युलर सीझनच्या १२ मॅच, प्रत्येकी ११-१२ ड्राइव्ह, म्हणजे वर्षाला दीडशेसुद्धा नाहीत. त्यात नशीब खूप असतं. पडलेला बॉल कुणाच्या अंगावर उडेल ते कुणालाच शिकवता येत नाही, म्हणून मी फंबल किती झाले ते मोजते, परत कुणी उचलला ते मोजत नाही. शेवटच्या २० यार्डांतलं यशसुद्धा एका वर्षात फार वरखाली होतं. चार मॅचनंतर मत बनवू नका, सहानंतर प्रश्न लिहा, बारानंतर मत, आणि शक्य असेल तर दोन वर्षांचं मिळून.

आयोवानं ३० ऑक्टोबर २०२३ ला जाहीर केलं की हा कोऑर्डिनेटर सीझननंतर राहणार नाही. टीम तेव्हा जिंकत होती, पुढे रेग्युलर सीझन १०-२ असा संपला. शेवटी सरासरी आली १५.४ आणि यार्डांत ऑफेन्स १३३ पैकी १३३ वा. विजयांचं टार्गेट सहज पार, पॉइंटांचं कुठल्या कुठे, म्हणजे एकाच करारातल्या दोन अटींनी दोन उलटी उत्तरं दिली.

२०२४ मध्ये नवा कोऑर्डिनेटर टिम लेस्टर आला आणि सरासरी थेट २७.७ झाली. आता मोह होतो म्हणायचा की बघा, कोच बदलला आणि १२ पॉइंट वाढले. पण वहीची सगळी पानं उघडून बसले तर असं दिसतं की वाढ जवळजवळ सगळी पळण्यातून आली, रनिंग बॅक केलेब जॉन्सननं १५३७ यार्ड आणि पळून २१ टचडाउन केले, तो आधीपासून टीममध्येच होता, लाइनमधली बरीच पोरंही तीच, एक वर्षानं पिकलेली. पासिंग २०२४ मध्येही कमजोरच राहिलं. मात्र स्नॅपच्या आधी माणसं हलवणं, एकाच रचनेतून रन आणि पास दोन्ही दाखवणं हे नवीन होतं, आणि सोफ्यावरची आमची पैज त्या वर्षी माझा मुलगा हरायला लागला, दहापैकी सहावर आला.

म्हणून माझ्या वहीत २०२४ च्या शेवटच्या पानावर असं आहे. रन गेमची रचना: स्पष्ट सुधारणा, श्रेय कोऑर्डिनेटर आणि लाइन कोच दोघांना. प्लेची निवड: सुधारणा. क्वार्टरबॅक: दुखापतींमुळे दोन वर्षं पहिल्या नंबरचा माणूस वर्षभर टिकला नाही, त्यामुळे मत राखून ठेवलंय. रिसीव्हर: प्रगती दिसली नाही, पुढच्या सीझनला पहिल्या सहा मॅचमध्ये हातातून सुटलेले पास वेगळे मोजायचे.